बापाच्या झाडावर निळा पट्टा

निळ्या रंगाचा डबा हातात धरून एक परका तरुण झाडापाशी उभा होता. डेल्फीन होडीतून उतरता उतरताच कडाडली, "कुणाला विचारून?"

तो दचकला. उंच, सूचिपर्णी स्प्रूसच्या बुंध्यावर ओला पट्टा होता, त्याचा एक ओघळ मुळाकडे निघालेला.

"लाकूड कंपनीचं काम आहे," तो म्हणाला. "रोगट आणि म्हातारी झाडं तोडायची, म्हणून खूण. हे बघा ना, मधल्या फांद्या सगळ्या झडल्यात… वर नुसता शेंडा."

"झडल्यात नाही, छाटल्यात. माझ्या बापाच्या मानासाठी. बर्फात अडकलेली सात माणसं जिवंत आणली त्यानं, म्हणून सगळ्या वस्तीनं हे झाड त्याच्या नावानं केलं. झाड पडलं तर माणूस पडतो, असं आमच्यात म्हणतात. बाप घरी मासे धुरीला लावतोय, धडधाकट. आणि तुम्ही त्याला रोगट ठरवून मोकळे."

तो कानापर्यंत लाल झाला. "माझी आईसुद्धा तुमच्याच क्री जमातीची… पण मी शहरात वाढलो. मला हे कुणी सांगितलंच नाही. टोबायस माझं नाव."

"नाव नाही विचारलं. म्हाताऱ्या झाडांचं काय वावडं आहे तुमच्या कंपनीला?"

"झाड हवेतला कार्बन ओढतं, लाकडात साठवतं. वाळल्या लाकडाचं निम्मं वजन त्याचंच. साहेब म्हणतात, म्हाताऱ्यांचं पोट भरलंय. कोवळी लावली की जास्त ओढतील."

"आणि म्हाताऱ्याच्या पोटातलं?"

"त्याचा… कागद होतो."

"कागद जळला की धूर. म्हणजे शंभर वर्षं गिळलेलं दोन वर्षांत ओकायचं, वर हवेवर उपकार केले म्हणून तोंड वर करून सांगायचं. पोट भरलं म्हणून घरातल्या म्हाताऱ्याला मारता का रे तुम्ही शहरात?"

टोबायसनं डबा खाली ठेवला. पिशवीतून पोकळ गिरमिट काढलं. "झाडालाच विचारू? पेन्सिलएवढं भोक पडेल. तुम्ही हो म्हणालात तरच."

कंपनीच्या माणसानं परवानगी मागितलेली ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिनं खिशातली चिमूटभर तंबाखू त्याच्या तळव्यावर ठेवली. "आधी मुळाशी ठेव. फुकट घेतोस काय?"

लाकडाची बारीक कांडी बाहेर आली, डिंकाचा वास दरवळला. दोन डोकी तिच्यावर वाकली. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला… ती हलली नाही. सालीलगतच्या, म्हणजे अलीकडच्या वर्षांच्या रेघाही रुंद, ठसठशीत होत्या.

"अजून खातोय म्हातारा," तो पुटपुटला.

"खाणारच. बापाला एका बैठकीत चार भाकऱ्या लागतात."

दोघंही हसले. हसल्याचा तिला भयंकर राग आला.

"साहेबांशी बोलतो मी," असं म्हणून, जाताना तिचं नाव तेवढं विचारून तो गेला. कंपनीची माणसं गेली की गेलीच, हे तिला पाठ होतं. तरी चार दिवस जाळी टाकताना ती पलीकडचा किनारा बघत राहिली, आणि स्वतःवरच चरफडत राहिली.

पाचव्या दिवशी झिमझिम पावसात तो धक्क्यावर उभा होता. भिजलेला, पिशवीसकट.

"या किनाऱ्यावरची सगळी झाडं मी चुकीची नोंदली, असं सांगितलं त्यांना. नवी तपासणी होईपर्यंत इथं कुऱ्हाड लागणार नाही. तसा कागद घेऊन आलोय." तो घुटमळला. "मला मात्र काढलं."

"नोकरी घालवून आलास? आणि असा उभा राहून सांगतोस, शहाण्या? एका झाडासाठी?"

"झाडासाठी… हो." त्यानं चष्मा पुसला, उगाचच. "पण परत आलो ते झाडासाठी नाही. चार दिवस कुणी माझ्यावर ओरडलं नाही, डेल्फीन. करमेना."

पाऊस तळ्यावर टिपटिपत होता. डेल्फीननं होडीच्या पुढच्या फळीवरची ओली जाळी बाजूला सारली.

"बस," ती म्हणाली. "आणि वल्हं तू मार. मी रागावलेय."