दुसरा वाळा

शुक्रवार म्हणजे आठवड्याची एकुलती एक सुट्टी, आणि मुरलीधर पाटकरची तीही फुजैऱ्याच्या डोंगररस्त्यावर खर्ची पडत होती. सहा दिवस शारजा ते दुबई गाड्यांच्या रांगेत हाडं खिळखिळी करायची आणि सातव्या दिवशी दोस्ताची, म्हणजे प्रल्हाद खोतची, गाडी हाकायची, हे कुठल्या जन्मीचं पाप, कोण जाणे!

प्रल्हाद खोत दुबईतल्या अल मनखूल भागात एका कॅफेटेरियाच्या वर राहायचा. विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकता हुडकता त्याने पन्नाशी गाठली होती. लोक घरगुती भानगडीही त्याच्याकडेच आणत.

"खोट्याचा कंटाळा आलाय, मुरली," तो गाडीत म्हणाला. "आज निदान खोट्यात काही नवं असू दे."

फुजैऱ्याला दार उघडलं ते कावेरीने. ती एका क्लिनिकमध्ये नर्स होती. डोळे घारे, आणि खाली काळी वर्तुळं.

"खोतसाहेब, मला एक बाई शोधून द्या," ती म्हणाली. "आठ दिवसांनी आईला घेऊन आयर्लंडला निघायचंय. एकोणऐंशी वर्षांची आहे ती. आणि कुठल्या कबरीवर न्यायचं तेच ठाऊक नाही."

हकीकत अशी होती. कावेरीची आई कृष्णाबाई इगतपुरीला राहायची. तिचा बाप टॉम हॅलरन, आयरिश इंजिन ड्रायव्हर. १९२२ साली, पोरगी पावलं टाकायला लागायच्या आत, तो रजेवर मायदेशी गेला तो गेलाच. बाप मेला की आपल्याला टाकून गेला, या एका प्रश्नावर कृष्णाबाईचा जन्म गेला होता.

यंदा, म्हणजे २००० साली, इंटरनेटवर आयरिश पूर्वज शोधून देणारं एक मंडळ सापडलं. कॉर्क शहरातल्या मॉरीन नावाच्या बाईने मदत करायचं कबूल केलं, तीही फुकट.

"तिसऱ्या पत्रात उत्तर आलं," कावेरीने छापलेले कागद पुढे केले. "आजोबा १९२३ मध्ये तापाने गेले. परत यायचंच होतं त्यांना. मी लिहिलं, आम्ही येतोय, कबर दाखवा. तेव्हापासून बाई गप्प आहे."

प्रल्हादने कागद चाळले. "पहिली दोन पत्रं एका ईमेल पत्त्यावरून, पुढची दुसऱ्या?"

"तिने पत्ता बदलल्याचं लिहिलंय ना."

मुरलीधरने तिसरं पत्र मोठ्याने वाचलं. 'या रविवारी मी नोंदणी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने लगेच नोंद काढून दिली. टॉमच्या सामानात लहान मुलीचा चांदीचा वाळा होता.'

"वाळा!" कावेरीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आईकडे एकच आहे. दुसरा वाळा बाप आठवण म्हणून घेऊन गेला, असं ती आम्हा सगळ्यांना सांगते. आणि मी हे पत्रात कधीच लिहिलं नव्हतं, साहेब. तरी मॉरीनला कळलं. म्हणजे खरंच असणार ना?"

प्रल्हादने कागदांची घडी घातली. "पत्रं कोण पाठवतं, कोण आणतं?"

"क्लिनिकखालच्या जहूरभाईंच्या इंटरनेटच्या दुकानातून पाठवते. आलेली पत्रं माझी मुलगी संजना छापून आणते. पासवर्ड त्या दोघांकडे आहे."

जहूर दुकानाच्या फळीवर चहा पीत बसला होता. "मॅडम बोलती हैं, मैं इंग्लिश में टाइप करता हूँ," तो म्हणाला. "जो बोलीं वही लिखा. उससे ज़्यादा मुझे क्या मालूम?"

"यानेच केलं," बाहेर येताच मुरलीधर म्हणाला. "गिऱ्हाईक टिकावं म्हणून!"

कावेरीचा नवरा विघ्नेश बंदरावर जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत होता. बायकोच्या या खटाटोपाला तो विटला होता. "खलास करा हे एकदाचं," तो म्हणाला. "मला ऑफिसचंच पुरे झालंय. रविवारचा तर नुसता वैताग. अख्खा युरोप बंद, फोन उचलायला कुत्रं नाही, आणि आम्ही टेबलावर हजर!"

संजना सतरा वर्षांची. जन्म इथलाच. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आय जस्ट प्रिंट देम, अंकल."

"आजीकडे जातेस?"

"एव्हरी समर." मग जरा थांबून, "शी टेल्स मी स्टोरीज."

प्रल्हादने सगळ्यांना बसवलं आणि स्वतः थकल्यासारखा सोफ्यावर टेकला.

"तिसऱ्या पत्रापासूनची मॉरीन कॉर्कला नाही. ती इथे आहे. सरकारी कार्यालय रविवारी उघडं असतं असं आयर्लंडमध्ये राहणारं कोण लिहील? इथे आखातात रविवार कामाचा. पण विघ्नेशराव, युरोप रविवारी बंद असतो हे तुम्हाला दर आठवड्याला सोसावं लागतं. तुमच्या हातून ही चूक होणार नाही.

"जहूरला पत्रांपलीकडे काही ठाऊक नाही, आणि वाळा पत्रांत नव्हताच. तो फक्त घरच्यांना माहीत. म्हणजे घरचं माणूस हवं, आणि असं, की ज्याने जन्मापासून सुट्टी शुक्रवारचीच पाहिली." तो वळला. "संजना, बाळा, खरी मॉरीन तिसऱ्या पत्रात काय म्हणाली?"

पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. फिजिक्सच्या पुस्तकातून तिने घडी घातलेला कागद काढला.

टॉम हॅलरनने १९२४ मध्ये कॉर्कला लग्न केलं होतं. चार मुलं. मेला १९६१ साली. शेवटी दफनभूमीचं नाव, अन् ओळीचा क्रमांकसुद्धा.

"आजी वुड हॅव डाइड, मम्मा," संजना हुंदके देत म्हणाली. "तिला बाबा चांगला हवा होता."

कावेरीने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मुरलीधरला आपल्या सुट्टीची कुरकुर आठवली आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"आईला काय सांगू?" कावेरीने विचारलं.

"दगडावर १९६१ कोरलेलं असेल," प्रल्हाद म्हणाला. "तिथे वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं."

तिने इगतपुरीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नातीने केलेलं नाटकही.

"पोरीला रागावू नकोस," पलीकडून कृष्णाबाईचा आवाज आला. "दुसरा वाळा माझ्याच पेटीत आहे. बाप घेऊन गेला, असं माझी आई सांगायची. ती गेल्यावर तिच्या लुगड्याच्या घडीत सापडला."

"मग तू आम्हाला तेच का सांगत राहिलीस?"

"तुम्हालाही आजोबा हवा होता ना, बाई."

कावेरी भिंतीला टेकून खाली बसली. "तिकिटं रद्द करू?"

"कशाला? आता तर जायलाच हवं. दोन्ही वाळे बरोबर घेते. त्याच्यापुढे ठेवून सांगेन, बाबा, तुम्ही निघालात तेव्हा मला चालता येत नव्हतं. आता येतं. इथवर आलेय."