पंखा बंद केल्यावर

बसा नीट, आणि मधे कुणी खिदळू नका. ही माझ्या साडूची गोष्ट. फ्रिज दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला गारठ्या म्हणत. थापा मारणारा माणूस नव्हे. त्याला साधी थट्टासुद्धा धड जमत नसे.

अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. सोमवार होता, रात्रीचे साडेअकरा. चीज बनवणाऱ्या डेअरीच्या मालकाचा फोन आला. "थंड खोलीतला पंखा रडतोय. कामाच्या पोरी आत जायला तयार नाहीत. सकाळी गाडी भरायचीय, आत्ताच ये."

गारठ्या हत्यारांची पिशवी घेऊन गेला. खोलीत चीजच्या डब्यांच्या खोक्यांनी फळ्या गच्च भरलेल्या. कोपऱ्यातल्या मोरीला कुबट वास. आणि तो आवाज... बारीक, थांबून थांबून.

"बेअरिंग गेलं असणार," मालक दारातूनच म्हणाला.

गारठ्याने मेन स्विच पाडला. पंखा थांबला. कॉम्प्रेसर थांबला.

आवाज थांबला नाही.

"मालक... सगळं बंद केलंय मी."

मालक एक पाऊल मागे सरकला.

"कुणाचं बाळ आहे हे?"

मालक पुटपुटला. डबे भरणारी एक पोर पोटुशी होती. झाकण फुटलेले डबे तो तिलाच खायला द्यायचा, उपकार केल्यासारखे. तिला नुसती कणकण आली. बाळ वेळेआधी झालं... दवाखान्यातून घरी आलंच नाही. डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले होते, 'जंतू तुमच्या मोरीत आणि चीजमध्ये आहेत. थंडीतही वाढतात. मोरी उखडा, माल फेका.'

"मग?"

"अरे, धडधाकट माणसाला काही होत नाही! फक्त पोटुशा बायकांनी खाऊ नये..."

"हे झाकणावर छापलंत?"

जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस. त्याने मालकाचं बखोट धरलं.

"चला आत. उचला खोके."

"अंधार आहे रे..."

"उचला!"

टॉर्चच्या उजेडात दोघांनी माल बाहेर ओढला. गारठ्याने डबा न् डबा फोडून त्यावर फिनेल ओतलं. मालक रडत होता. गारठ्याला दया आली नाही. अजून येत नाही.

शेवटचा खोका उंबरा ओलांडून आला आणि आवाज तुटला.

गारठ्या आत राहिलेला टॉर्च आणायला एकटाच गेला. रिकाम्या फळीवर त्याचा हात टेकला. पत्रा गार... बोटं बधिर करणारा. फक्त मधे, हातभर जागा...

कोमट होती. आत्ताच कुणीतरी तान्हं तिथून उचलून घेतल्यासारखी.