पस्तिसावी पाठ

"तुमचा उजवा खांदा खाली आलाय."

दुकानात पीचच्या टोपलीपाशी मी हे एका अनोळखी माणसाला म्हणाले. तो वळला... आणि हसला.

"हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं मला!"

अमेरिकेतल्या आमच्या डेव्हनपोर्ट गावात यात नवल नाही. हातांनी मणके आणि पाठ बरी करायची विद्या, कायरोप्रॅक्टिक, शिकणारी आम्ही मुलं शेवटच्या वर्षी आपले पेशंट आपणच शोधतो. पस्तीस जणांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिल्या तपासणीपासून फेरतपासणीपर्यंत सगळं पार पाडायचं. तेव्हा पदवी, आणि मग परवान्याची परीक्षा. माझ्या चौतीस पाठी झाल्या होत्या. पदवीला सहा आठवडे उरले होते.

तो मात्र गावात नवा होता. मी कॉलेजच्या क्लिनिकच्या कार्डामागे लिहिलं, 'गुरुवारी चार वाजता. लिनिया.' त्याने ते खिशात असं जपून ठेवलं की मीच लाजले.

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, सूर्यफुलं घेऊन आला. मी त्याच्या हातात झगा दिला.

"शर्ट काढून हा घाला. पाठीकडून उघडा राहू दे."

"पहिल्याच भेटीत?"

पडद्यापलीकडे माझ्या देखरेखीच्या डॉक्टर हॅनफेल्डबाई खोकल्या. तो कानापर्यंत लाल झाला. मीही!

पण पाठ खरंच दुखत होती त्याची. त्याचं नाव एमेट, मिसिसिपी नदीवरच्या लॉकमध्ये कामाला होता. बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट नावा, तिथे दोन दारांमध्ये थांबतात, पाणी भरतं तशा वर चढतात, आणि दिवसभर दोर ओढून ओढून माणसाची पाठ जाते.

दुसऱ्याच आठवड्यात, चौथ्या खेपेला तो म्हणाला, "रविवारी नदीकाठी बँड आहे. याल?"

"पेशंटबरोबर फिरायला जायचं नाही. नियम आहे."

"मग मी बरा झालो. हे बघा—" तो ताडकन उठला. "आई गं!"

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी हॅनफेल्डबाईंनी मला बोलावलं. आमच्या प्रत्येक पानावर त्यांची सही लागते. एमेटच्या पानावर एका ओळीला लाल गोल होता. 'मान किती वळते' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'हसताना डावीकडे जास्त.'

"हे कुठल्या पुस्तकात आहे, पोरी?"

मी खाली बघितलं. मग म्हणाले, "ही फाइल दुसऱ्या कुणाला द्या, बाई."

"पस्तिसावी आहे ही. आता नवा पेशंट मिळाला नाही, तर पदवी थेट डिसेंबरात."

"ठाऊक आहे. पण मी त्यांच्याकडे नीट बघूच शकत नाही. म्हणजे... फारच बघते."

बाईंचे ओठ हलले, पण हसू त्यांनी गिळलं. "फाइल सोडली तरी तीस दिवस भेट नाही, फोन नाही. त्याला मी सांगते."

तीन दिवस मी दुकानं पालथी घातली. सगळ्यांचे खांदे सरळ! चौथ्या दिवशी क्लिनिकच्या दारात एक धिप्पाड माणूस कमरेवर हात धरून उभा.

"मी ओटिस, एमेटचा मुकादम. त्याने पाठवलं नाही हो मला! म्हणजे... पाठवलंच. पण कंबर माझीच दुखतेय."

"इथे निरोप चालणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"निरोप कुठला! आमचा एक पोरगा रोज कॅलेंडरवर फुली मारतो, एवढंच सांगत होतो."

तीन आठवडे ओटिस पालथा पडून असंच 'एवढंच' सांगत राहिला. फेरतपासणीला तो वाकला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या बुटाची नाडी बांधून उठला. त्याने नुसतं नाक पुसलं. बाईंनी सही केली. पस्तीस!

एकतिसाव्या दिवशी सकाळी मी लॉकवर गेले. एमेट कठड्यापलीकडे दोर धरून उभा होता. खाली बार्ज, पाणी हळूहळू चढत होतं. मला बघून त्याचा दोर सुटता सुटता राहिला.

"सोडू नकोस रे, गाढवा!" ओटिस ओरडला.

"वीस मिनिटं," एमेट म्हणाला. "पाणी भरेपर्यंत. थांबाल?"

"तीस दिवस थांबले की."

एवढं सावकाश पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं! शेवटी दार उघडलं, बार्ज निघाली, आणि तो हात पँटला पुसत कठड्यापाशी आला.

"पदवी?"

"झाली शनिवारी. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे." मग धीर करून म्हणाले, "एमेट, मला... तुम्ही आवडता."

"अजून 'तुम्ही'? फाइल बंद झाली ना!"

"सवय आहे."

"मोड मग. पुन्हा म्हण."

"मला तू..."

पुढचं वाक्य पुरं करायला त्याने मला वेळच दिला नाही.