खिडकीवर चढलेला कांदा

प्रांजलने थेंब बोटाच्या टोकावर घेतला, नाकाजवळ नेला आणि क्षणभर विचार करून जिभेला लावला.

खारट!

तिने वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या ग्रिलला आडवी दोरी बांधली होती आणि दोरीवर खारवलेले बांगडे ओळीने ऊन खात लटकले होते. तिसऱ्या बांगड्याच्या शेपटीवरून पुढचा थेंब सुटला आणि थेट तिच्या कुंडीत, तिच्या हिरव्या कांद्याच्या डोक्यावर पडला… टप्प!

रोडपालीत भाड्याने राहायला येऊन तिला दोन महिने झाले होते. तळोज्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. कुणाच्या दारात जाऊन भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं; पण हा कांदा साधा नव्हता. कॉलेजातल्या बाईंनी निवृत्त होताना आपल्या जुन्या झाडाचं एकुलतं पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. "तू धीराची आहेस, तुझ्याकडे जगेल," असं म्हणाल्या होत्या. तिने कुंडी छातीशी धरली आणि जिना चढली.

दार एका उंच, सावळ्या तरुणाने उघडलं. हाताला इंजिनाचं काळं तेल, आणि चेहऱ्यावर आधीपासूनच हसू.

"तुमचे मासे गळताहेत," ती म्हणाली.

"मॅडम, ते कधीचे मेलेत. आता कुठे पळणार?"

"पाणी गळतंय. खारं पाणी. माझ्या झाडावर."

"खारं आहे हे कसं कळलं?"

"चाखून."

तो मागे वळून ओरडला, "आय, खालच्या मॅडमनी चाखलंय! मीठ कसं झालंय विचार!"

"कोन हाय रं?" आतून त्याच्या आई, सोनाबाई, पदराला हात पुसत आल्या. प्रांजलच्या हातातल्या कुंडीकडे वाकून बघत म्हणाल्या, "अगो बाय! कांदा कुंडीत कशाला ठेवलास? घरात वारा लागंल अशा जागी टांग."

"हा खायचा कांदा नाही, मावशी. शोभेचा आहे."

"शोभंचा कांदा!" सोनाबाईंनी कपाळाला हात लावला. पण बांगड्यांची दोरी त्याच संध्याकाळी दुसऱ्या खिडकीत गेली.

कांदा होताच तसा मुलखावेगळा. मुठीएवढा, सोललेल्या कांद्यासारखा गुळगुळीत आणि फिकट हिरवा. जमिनीत लपायचं सोडून तो मातीच्या वर बसायचा आणि पावसाळ्यात प्यायलेलं पाणी पोटात साठवून ठेवायचा. आफ्रिकेच्या कोरड्या डोंगरांतला तो. पानं जवळजवळ नाहीतच. डोक्यातून दोऱ्यासारखा एक वेल निघायचा आणि जे सापडेल त्याला विळखे घालत वर चढायचा. प्रांजल रोज सकाळी सात वाजता पट्टी लावून त्याची वाढ मोजायची आणि वहीत लिहायची.

एका सकाळी पट्टी लावायला तिला टोकच सापडेना.

"शोधताय का काही?" वरून आवाज आला. वरचा तो तरुण, कल्पेश, ग्रिलला नाक लावून खाली बघत होता. त्याच्या बोटाला हिरव्या दोऱ्याचं टोक गुंडाळलं होतं. "तुमचं झाड आमच्या घरात घुसलंय. आता तक्रार करायची पाळी माझी."

"ओढू नका! तुटेल…"

"जाळ्यात हात घालणारी माणसं आम्ही. नाजूक दोरा कसा धरायचा ते मला कळतं, मॅडम. आज किती?"

"काय किती?"

"रोज पट्टी लावता ना? मी वरून बघतो. आज किती वाढला?"

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "…काल साडेचार सेंटिमीटर."

"साडेचार! आमच्याकडे माणसंसुद्धा एवढ्या घाईत वर येत नाहीत."

कल्पेश मूळचा मोरा बंदराचा. वडिलांची होडी आता काका चालवायचे, आणि कळंबोलीच्या एका गॅरेजात तो डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. सोनाबाई पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायच्या. होडी सुटली तरी कल्पेशच्या हातांतली कला सुटली नव्हती. पुढच्या रविवारी तो खिडकीत पाय पसरून बसला, नायलॉनच्या दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि लाकडी सुईने भराभर गाठी मारू लागला. संध्याकाळपर्यंत त्याच्या ग्रिलपासून तिच्या ग्रिलपर्यंत हातभर रुंदीचं जाळं उतरलं होतं.

प्रांजलने सवयीप्रमाणे पट्टी लावली. जाळ्याचं प्रत्येक भोक तंतोतंत तेवढंच होतं.

"कशाने मोजलंत?" तिने चकित होऊन वर विचारलं.

"बोटांनी. दोन बोटांचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक. कोलंबीला एका बोटाचा लागतो. कांद्याचा कुणी शिकवला नव्हता, म्हणून अंदाजाने घेतला."

"अंदाज नाही हा. एक मिलिमीटरचाही फरक नाही."

"बघा, पट्टीशिवायही जमतं काही काही."

वेल जाळ्यावर चढला. ऑक्टोबरचं ऊन त्याच्या बारीक फांद्यांतून झिरपून खाली पडायचं आणि प्रांजलच्या वहीवर हिरव्या रेघा नाचायच्या. रोज सकाळी सात वाजता वरून "आज किती?" आणि खालून आकडा. कधी चार, कधी सहा. एके दिवशी तिने तो मुद्दाम सांगितला नाही, तर दुपारी गॅरेजातून मेसेज आला: "मॅडम, आज गाडीचे नट चुकीचे लावतोय. आकडा पाठवा." दिवाळीच्या सुमारास वेलाला नखाएवढी हिरवट फुलं आली. त्यांना वास यथातथाच होता, तरी तो म्हणाला, "सुंदर आहे." तेव्हा तो फुलांकडे बघत नव्हता, एवढी नोंद तिने केली. वहीत नाही… मनात.

नोव्हेंबर सरता सरता वेल पिवळा पडला.

"आमच्या मिठाने मेला का?" कल्पेशचा चेहरा उतरला.

"मेला नाही, झोपला. आता तो पाणी मागणार नाही, वाढणार नाही. लोक इथेच चुकतात… मेला समजून पाणी ओततात आणि खरोखर मारतात."

डिसेंबर उजाडताच कंपनीने तिला दीड महिना अंकलेश्वरच्या कारखान्यात पाठवलं. निघताना तिने कुंडी वर नेऊन दिली. सोबत आलेख कागदावर सात सूचना. पहिलीच ठळक, खाली दोन रेघा मारलेली: पाणी घालायचं नाही.

"आणि आठवण आली तर?" त्याने विचारलं.

"झाडाची?"

"…झाडाची."

"मग मेसेज करा," ती म्हणाली आणि चप्पल घालताना डाव्या पायात उजवी घातली.

तो रोज रात्री लिहायचा: "झोपलाय." ती उत्तर द्यायची: "झोपू दे." एवढंच. महिनाभर. पण त्या एका शब्दाची ती जेवण लवकर आटपून वाट बघायची. आणि मग जानेवारीत मेसेज अचानक थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तिने फोन केला, तर "गडबडीत आहे, मोऱ्याला होडीचं इंजिन उघडून बसलोय," असं म्हणून त्याने ठेवून दिला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे तिला त्या एका वाक्यावरून कळलं.

रविवारी दुपारी ती परतली. बॅग दारातच टाकून जिना चढली.

वरचं दार उघडं होतं. कल्पेश जमिनीवर जेवायला बसला होता. ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि बुक्कीने फोडलेला अर्धा कांदा. खिडकीत तिची कुंडी होती. पण त्या कुंडीत कोवळी, हिरवीगार कोथिंबीर डुलत होती!

प्रांजलने कुंडीकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. डोळ्यांपुढून आलेख कागदावरच्या सात ओळी सरकल्या, आणि न लिहिलेली आठवी ओळ तिथे लाल अक्षरांत उमटली.

"खाऊ नकोस!" तिने झडप घालून ताट ओढलं. कालवण तिच्या नव्या ओढणीवर सांडलं, ताटातला कांदा त्यात बुडून लाल झाला. "हा कांदा कुठला?"

"घरातला… आय झाकून गेली होती. तू… कधी आलीस?"

"माझा कांदा कुठे आहे?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मी सांगणारच होतो. तासापूर्वी मोऱ्याहून आलो, तर कुंडीत ही कोथिंबीर. आय बाजारात आहे, फोन इथेच विसरलाय."

"किती खाल्लास?"

"अर्धा."

"चव कशी होती?"

"कांद्यासारखी!"

"नीट आठव!"

"अगं, भूक लागली होती. चव कोण बघतो?"

"कल्पेश, तो विषारी असतो! त्याने हृदयाचे ठोके मंद होतात, चुकायला लागतात…"

त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा गळाला. "हे कागदावर नव्हतं."

"नव्हतं. कुंडीतलं झाड कुणी खाईल असं वाटलंच नाही मला. सात ओळी लिहिल्या, आणि हीच… हात दे."

तिने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे डोळे लावले.

"प्रांजल…"

"बोलू नकोस. मोजतेय."

पूर्ण एक मिनिट. खाली भंगारवाला ओरडत गेला. तिच्या बोटांखाली त्याची नाडी नुसती उड्या मारत होती.

"एकशे चार," ती पुटपुटली. "ठोका एकही चुकला नाही. पण विषाने नाडी मंद व्हायला हवी होती. ही तर जलद आहे."

"मग ती विषाने नसेल."

"मग कशाने?"

"तू हात धरलायस ना… पहिल्यांदाच."

"चेष्टा सुचते तुला! तुला काही झालं तर मी…"

"तर?"

तिने मनगट सोडलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिच्याकडे हातच मोकळा नव्हता. "तर सकाळी सात वाजता मला कोण विचारणार, आज किती? कांदा गेला तर जाऊ दे. बाईंची मी माफी मागेन. पण तू… तू मला हवा आहेस. ऊठ आता. डॉक्टरकडे चल, ठोके ठीक असले तरी."

तो उठला. भान हरपल्यासारखा तिच्यामागे चालू लागला. दोघं जिन्यात पोचतात तोच समोर डोक्यावर रिकामी पाटी घेतलेल्या सोनाबाई.

"हात धरून कुठं निघालात गो?"

"मावशी! तो हिरवा कांदा… यांनी खाल्ला का?"

"ह्यानं?" सोनाबाईंनी पाटी खाली ठेवली. "त्यो कांदा कोन खाईल? नखानं कोरून हुंगला मी. ना वास, ना डोल्यांत पानी. जलम गेला कांदा चिरन्यात, मला कलत नाय?"

सोनाबाई दोघांना आत घेऊन गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार पुढे ओढलं. दारामागे, खिडकीच्या वाऱ्यावर, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांची वेणी टांगलेली होती. वरचे बरेचसे कांदे संपले होते. आणि अगदी खालच्या टोकाला, जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने अलगद बांधलेला… तो!

"कुंडीत चिखल झालेला. बूड मऊ पडलं व्हतं. पानी कोनी घातलं, सांगू का?"

कल्पेश छताकडे बघू लागला.

"घातलंस?" प्रांजल म्हणाली. "पहिली सूचना, दोन रेघा…"

"सुकत चालला होता गं. बघवेना. म्हटलं, एवढंसं, अर्धा तांब्या." तो ओशाळून म्हणाला. "मग मऊ लागला हाताला. तुला 'झोपलाय' लिहायला बोटच उठेना. म्हणून पळालो मोऱ्याला."

"आनि मला बोल्ला पन नाय," सोनाबाई म्हणाल्या. "मी काढला, पुसला, मासं कापाया राख ठेवते ना डब्यात, ती चोळली बुडाला, आन टांगला वाऱ्यावर. पयल्याच दिवशी बोल्ले व्हते मी तुला, टांग म्हनून! कुंडी रिकामी कशाला ठेवायची, म्हनून धने टाकले."

प्रांजलने कांदा हातात घेतला. बुडाशी कुजायला लागलेला भाग सुकून खपली धरला होता. बाहेरची साल कागदासारखी कोरडी. जगातल्या कुठल्याही पुस्तकाने हेच सांगितलं असतं. फक्त मासे कापायच्या राखेचा उल्लेख तिने वाचला नव्हता. तिने कांदा उजेडाकडे वळवला, आणि श्वास रोखला. डोक्यावर, सालीच्या फटीतून, मोहरीएवढं हिरवं टोक.

"उठला," ती हळूच म्हणाली.

"त्यो उठला ते बरं झालं," सोनाबाई ताट उचलता उचलता बोलल्या. "पन तुमी दोगं अजून हात धरूनच हाव. जेवायचं का तसंच?"

दोघांनी एकदम हात सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रांजल खिडकीत उभी होती. कुंडीत कोरडी, भरड माती. तिच्यावर राखेचा टिळा लावलेला कांदा. जाळं पुन्हा दोन ग्रिलांमध्ये ताणलेलं, वाट बघत. वर पाऊल वाजलं.

"आज किती?"

तिने पट्टी उचलली. मोहरीएवढ्या टोकाला काय मोजणार? तिने पट्टी खाली ठेवली, आपल्याच मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. वरून कुणी घाई केली नाही.

"एकशे दोन," ती म्हणाली.

ग्रिलमधून एक हसरा चेहरा खाली वाकला.

"सेंटिमीटर?"

"नाही," प्रांजल म्हणाली. आणि वही उघडून, आजच्या तारखेपुढे, तिने तो आकडा लिहून ठेवला.