विहिरीतली तांबडी रेघ

आमच्या विहिरीत माणूस लोंबकळत होता! माझी घागर हातातून सुटता सुटता राहिली.

"अहो, कोण तुमी?"

"अंथुर्ण्याचा विजयसिंह. रेघ मारतोय." कमरेला दोर, हातात तांबडा ब्रश... आणि वर बघून हसतोय, मेला! "पाणी हिच्याखाली गेलं की मोटार बंद. तुमच्या शेळगावच्या ग्रामसभेनं ठरवलंय. औंदा ब्राझीलमधी समदं जग जमलं हुतं — धरतीचं किती वापरायचं, किती ठेवायचं, ते बोलायला."

"जगाचं ऱ्हाऊ द्या. वर कसं येणार?"

"तुमी हात दिला तर..."

दिला. तळव्याला लागलेला रंग घासून निघेना.

मग तो रेघ बघायला येत राहिला, मी पाणी भरायला. उन्हाळ्यात त्याच्या घरचे मला बघायला यायचे ठरले.

नेमकी त्याच दिवशी रेघ उघडी पडली, आणि मोटार चालूच! ज्याला दिसेल त्यानं फ्यूज काढायचा, असा ठराव. पण माझ्या वडिलांचा, आबांचा, ऊस वाळत होता. "पाव्हणं जाईस्तवर विहिरीकडं कुणी फिरकायचं न्हाय," आबांनी दटावलं. त्यांचा राग ठाऊक होता... पाहुण्यांना उंबऱ्यावरूनच परत धाडतील. तरी मागच्या दारानं पळाले.

विजयसिंह आधीच तिथं. हात मोटारीच्या पेटीवर, पण फ्यूज काढत नव्हता.

"दिसली न्हवं रेघ?"

"दिसली. पर काढला तर आबा तुला देत्याल का? मनिषा, मला तू पायजेस. उद्या काढतो की..."

काय सांगू! हेच ऐकायला वर्षभर झुरले, आणि ऐकलं ते असं. संताप आला, रडूही आलं.

"आज माझ्यापायी रेघ सोडली, तर उद्या गाव मानंल का तिला? व्हा बाजूला!"

खटका पाडला, फ्यूज काढला.

पोह्यांच्या बश्यांमधे फ्यूज ठेवूनच मी ताट बाहेर नेलं. आबा लालबुंद.

"कुणी काढला?"

"मी."

"मी बी तितंच हुतो," विजयसिंह उठून म्हणाला. "माझा हात धजला न्हाय, आबा. हिचा धजला."

आबांनी ताटातला फ्यूज उचलला. मग त्याच्या वडिलांकडं वळले. "पाव्हणं, आधीच सांगतो. ही तुमच्या मोटारीचा बी फ्यूज काढील. चालंल?"

"आमच्या विहिरीत रेघच न्हाय अजून!" ते हसले. "ह्यो दुसऱ्यांच्याच रंगवत हिंडतोय."

विजयसिंहाचे कान लाल झाले. माझा जीव भांड्यात पडला.

"मारू की," मी खाली बघत म्हणाले. "दोर मी धरीन."