बारावं स्पेलिंग

"अहो मॅडम, पण माझं समाधान होत नाहीये!"

नक्कल विभागाच्या खिडकीत तोंड घालून उत्कर्षा मेश्राम हे वाक्य जरा जोरातच बोलली. तिच्या मागे, हातात घडी घातलेला अर्ज घेऊन उभा असलेला तरुण दचकला.

"मला काही म्हणालात?"

उत्कर्षा वळली. "तुम्हाला कशाला म्हणू?"

"नाही... माझं नाव समाधान आहे."

खिडकीच्या आत शर्मिला मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. अठरा वर्षं त्या या खिडकीत बसून लोकांना कोर्टाच्या निकालांच्या नकला देत होत्या आणि त्यांना हसताना अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"झालं ना समाधान? आता बाजूला व्हा. केस नंबर आणा, नक्कल न्या. नुसतं नाव सांगून इथे काही मिळत नाही. ही स्थळं दाखवायची खिडकी नाही."

सगळी रांग हसली. उत्कर्षाचे कान तापले. तिने फाइल उचलली आणि ती तरातरा बाहेर पडली.

मार्चचा शेवटचा मंगळवार होता. कोर्टाच्या भिंतीला लागून चिंचेच्या झाडाखाली रसवंती होती. चरकाला बांधलेले घुंगरू उसाच्या प्रत्येक कांडीबरोबर छुमछुमत होते. ती बाकावर बसली आणि तिने फोन काढला. तेवढ्यात समोर सावली पडली.

"केस नंबर नसेल तर कलमाने शोधा," तो म्हणाला. "कोर्टाच्या वेबसाइटवर आरोपीचं नाव टाकायचं नाही. कायदा निवडायचा – मोटार वाहन. मग कलम एकशे पंच्याऐंशी. मग वर्ष."

"एकशे पंच्याऐंशीच हवंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, असं तुम्ही खिडकीत चार वेळा सांगितलंत. मागच्या नोटरीलासुद्धा कळलंय."

तिला हसू आलं. ते तिने लपवलं, पण फारसं जमलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "हे आधी काय लिहायला सांगतंय? हे वेडंवाकडं अक्षर 'जी' आहे की नऊ?"

"मला विचारू नका. मी माणूस नाही असं या साइटने तीनदा ठरवलंय."

दोन ग्लास आले. आलं जास्त, बर्फ कमी. पाचव्या प्रयत्नात यादी उघडली. ते दोघं एकाच फोनवर वाकून नावं वाचत खाली खाली जात राहिले. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि कसल्यातरी साबणाचा वास होता. नवव्या पानावर केस सापडली. तिने नंबर फाइलवर लिहिला आणि मोठा श्वास सोडला.

"हा कोण तुमचा?"

"कुणी नाही. ड्रायव्हर." वाघोलीतली तिची कंपनी शाळांना बस पुरवत असे. नव्या ड्रायव्हरची कागदपत्रं तपासायचं काम उत्कर्षाचं. बावन्न वर्षांच्या संभाजीकाकांचं सगळं चोख होतं. फक्त कोर्टाच्या साइटवर त्याच नावाची एक केस निघाली होती. वडिलांचं नाव नाही, वय नाही. "ते म्हणतात, मी नव्हेच. असतील तर नोकरी नाही. नसतील तर... उगाच एका माणसाचं पोट मारल्यासारखं होईल."

"बाकीचे तर नाव दिसलं की नापास करतात."

"मी एकदा उलटं केलंय." तिने ग्लास बाकावर ठेवला. "गेल्या वर्षी एक ड्रायव्हर मी पास केला. त्याचं नाव शोधलं होतं, काही निघालं नव्हतं. एका दुपारी तो भर सिग्नलला बस उभी करून स्टिअरिंगवर झोपला. आत बावीस मुलं. कुणाला काही झालं नाही. नंतर कळलं, केस होती त्याच्यावर. फक्त इंग्रजी स्पेलिंग वेगळं पडलं होतं."

त्याने हातातल्या अर्जाची आणखी एक घडी घातली.

"तेव्हापासून मी प्रत्येक नाव अकरा स्पेलिंगने शोधते. शाळेत घातली नाहीत एवढी गणितं या नावांनी घातलीत." मग तिने सहज विचारलं, "तुमचं काय काम इथे?"

त्याने ग्लासाच्या तळाकडे पाहिलं. "एका ओळखीच्या माणसाची नक्कल हवीय. सेम कलम."

दोघांच्या अर्जांवर शर्मिला मॅडमनी एकच शिक्का मारला: पुढच्या मंगळवारी या.

पुढच्या मंगळवारी नक्कल तयार नव्हती. त्याच्या पुढच्याही. उत्कर्षाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हे तिचं तिलाच जरा उशिरा लक्षात आलं. तोपर्यंत तिला कळलं होतं की समाधान वाघचौरे वाघोलीतल्याच एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक आहे, की त्याची आई मुक्ताई रविवारी मंडईतून भाजी आणते आणि भावावरून भांडल्याशिवाय परत येत नाही, आणि की तो सगळीकडे बसने जातो.

"अहो, मी वाघोलीलाच चाललेय. चला की!" तिने स्कूटरची चावी पुढे केली. "तुम्हीच चालवा. मला नगर रोडचा वैताग येतो."

त्याने दोन्ही हात खिशात घातले. "नको... मी बसने जातो."

"येत नाही का चालवायला?"

"येतं."

"मग काय, माझ्या स्कूटरवर भरवसा नाही?"

"स्कूटरवर आहे," तो म्हणाला, आणि बसस्टॉपकडे चालू लागला. जाताना दोनदा वळून पाहिलं. ती मोजत होती.

त्या संध्याकाळी फ्लॅटवर तिने लॅपटॉप उघडला. सोबत राहणारी निकिता भेळ कालवत होती.

"कुणाला शोधतेयस? नवा ड्रायव्हर?"

"हं."

निकिता मागून वाकली. "समाधान वाघचौरे... हा लॅबवाला ना? ए, तू माणसाला इन्स्टावर शोधत नाहीस, डायरेक्ट कोर्टात? रोमँटिक आहेस हां फार!"

उत्कर्षाला शरम वाटली, पण बोटं थांबली नाहीत. 'डब्ल्यू'ने, 'व्ही'ने, 'एयू'ने, 'ओ'ने. अकराही वेळा तेच उत्तर आलं: नोंद आढळली नाही. तिने लॅपटॉप मिटला, निकिताच्या हातातली भेळ ओढली आणि सगळी संपवली.

चौथ्या मंगळवारी दोन्ही नकला तयार होत्या. संभाजीकाकांची तिने खिडकीपाशीच उघडली. आरोपीचं वय एकोणतीस. वडिलांचं नाव वेगळं, गाव वेगळं. ती चक्क दोन पायऱ्या एकदम उतरली आणि तिथूनच फोन लावला.

"काका, तुम्ही नाहीच त्यात! सोमवारी कामावर या."

"म्हनलं न्हवतं का ताई," पलीकडून आवाज आला, "म्या फकस्त च्या पितो. पन सात-आठ येळा."

रसवंतीच्या बाकावर येईपर्यंत ती हसत होती. डोळे मात्र ओले झाले होते. समाधान तिच्याकडे बघत होता... असं तिच्याकडे फार दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"आणि तुमचा तो ओळखीचा माणूस? मिळाली त्याची?"

त्याने पाकीट पुढे केलं. "वाचा."

तिने कागद उलगडला. "आरोपी, समादान... वागचवरे? हे काय नाव आहे! 'वागचवरे' म्हणजे..." ती थांबली. वय सत्तावीस. राहणार वाघोली. चरकाचे घुंगरू एकदम फार मोठ्याने वाजू लागले.

"तुम्ही मला शोधलंत ना?" त्याने विचारलं.

"...हो."

"अकरा?"

"अकरा."

"हे बारावं. पोलिसांनी पावती लिहिताना चुकलं ते शेवटपर्यंत तसंच गेलं."

मग त्याने सांगितलं, काही न सजवता. दोन वर्षांपूर्वी, खडकवासल्याला मावसभावाचा साखरपुडा. दुपारी दोन बिअर. येताना नाकाबंदी लागली, यंत्रात फुंकायला लावलं. तीसपर्यंत चालतं, बेचाळीस आलं. "रोज लॅबमध्ये मिलिलिटर मोजून देतो मी, आणि मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. मागे आई बसली होती, मांडीवर साखरपुड्याची पिशवी घेऊन. दंड झाला, सहा महिने लायसन्स गेलं. ते परत मिळूनही दीड वर्ष झालं. पण आई अजून माझ्या मागे बसत नाही. आणि मी चालवत नाही. तेव्हापासून पीतही नाही, पण ते दाखवायला माझ्याकडे कागद नाही."

"आता नक्कल कशाला?"

"कॉलेजात कायम होण्याचा फॉर्म आहे. त्यात रकाना आहे, कधी शिक्षा झाली आहे का. सगळे म्हणाले, नाही लिही, या स्पेलिंगने कुणालाच सापडणार नाही."

"मलाही सापडलं नसतं," उत्कर्षा म्हणाली. "मग मला का सांगितलंत?"

"म्हणूनच."

तिने कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा. "'ओळखीचा माणूस' म्हणालात तुम्ही."

"हो."

"चार मंगळवार."

"हो. पहिल्या दिवशी जीभ उचलली नाही. नंतर... नंतर तुम्ही उठून जाल असं वाटलं."

ती उठली आणि गेली. रस अर्धा तसाच राहिला. घरी पोचल्यावर पर्स उघडली तेव्हा दिसलं, त्याची नक्कल आपल्याचकडे आली आहे.

तीन दिवस तिने ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दिवसातून चारदा ड्रॉवर उघडला. शुक्रवारी संध्याकाळी भंडाऱ्याला फोन लावला. तिचे वडील महिपती मेश्राम एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते; तीस वर्षांत एक ओरखडा नाही. मुलीसाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला ते एकच प्रश्न विचारत: पोरगा पेते का?

"जय भीम, बाबा."

"जय भीम. आवाज काहून असा येते वो?"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे बाबांनी पंखा बंद केला.

"सांगतलं त्यानं, का सापडलं तुले?"

"सांगतलं."

"कोणी इचारलं म्हणून?"

"नाही. कोणीच इचारलं नव्हतं."

"आयक," बाबा म्हणाले. "डेपोत साहेब तोंडाचा वास घेत. पेणारे लोक त्या दिवशी दहा बहाणे सांगत. पोट दुखते, दवा घेतली. पण 'साहेब, मी काल पेलो, आज मले गाडी नका देऊ,' असं म्हणणारा तीस वर्षांत एकच पाहिला म्या. पुढं तुले आन तुह्या मायले सुट्टीत मामाच्या गावाले धाडाचं असलं, तर मी त्याचीच गाडी पाहत जाओ."

"मंग काय करू, बाबा?"

"तपासणारी तू आहेस. मले काय इचारतेस?" आणि फोन ठेवला.

शनिवारी पाच वाजता कॉलेजच्या फाटकासमोर उत्कर्षाची स्कूटर उभी होती. दिवसभराच्या उकाड्यानंतर वारा सुटला होता. समाधान बाहेर आला, तिला पाहून रस्त्यातच उभा राहिला. मागून एका रिक्षाने हॉर्न दिला, तेव्हा कुठे हलला.

"तुमचा कागद राहिला माझ्याकडे," ती म्हणाली. "फॉर्मचं काय झालं?"

"दिला. नक्कल मागाहून देतो म्हणालो. प्रिन्सिपल म्हणाले, अकरा वर्षांत या रकान्यात 'होय' लिहिणारे तुम्ही पहिलेच. मग सही केली."

तिने मान खाली घातली, म्हणजे चेहऱ्यावरचं त्याला दिसणार नाही. मग नक्कल उघडली. एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

"इथे लिहिलंय, 'आरोपीने गुन्हा स्वेच्छेने कबूल केला.' खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि दुसरा गुन्हा? चार मंगळवार माझ्याकडे बघत होतात तो?"

तो गोंधळला. कान लाल झाले. "तो... त्याची कुठे नोंद आहे?"

"मी केलीय. कबूल?"

"कबूल."

"स्वेच्छेने?"

"अहो, पहिल्या दिवसापासून!" तो एवढ्या जोरात म्हणाला की फाटकावरच्या वॉचमनने मान वर केली. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "आणि... तुमचं?"

"बारा स्पेलिंगं कुणासाठी पाठ करत नाही मी."

तिने डिकीतून दुसरं हेल्मेट काढलं. नवंकोरं होतं, दुकानाचं लेबलसुद्धा तसंच. "शिक्षा ऐका. सहा महिने माझ्या मागे बसायचं."

"आणि सहा महिन्यांनंतर?"

"चावी तुमची." ती आरशात स्वतःची ओढणी नीट करत म्हणाली. "मी मागे बसेन."

तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला. दोन वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याने पट्टा लावायचा प्रयत्न केला. दोनदा सुटला. उत्कर्षाने हात पुढे करून त्याच्या हनुवटीखाली तो लावला. टक् असा आवाज झाला.

"बसा," ती म्हणाली. किल्ली फिरवली, आणि एकदम हसली.

"नाही... बस."