भुंग्याचे पाय

दवाखान्याच्या पायरीवर सुकन्या पिल्लू खाली ठेवायला वाकली, आणि त्याचे पाय टेकायच्या आतच एका परक्या माणसाने ते उचलून घेतलं.

"ओ," सुकन्या म्हणाली. "पिल्लू माझंय."

"तुमचंच आहे. म्हणून तर उचललं."

बोलणाऱ्याच्या एका हातात पिल्लू होतं, आणि दुसऱ्या हातातल्या बाजाराच्या पिशवीतून एक मांजर डोकं काढून दोघांकडे बघत होतं. अशा माणसाला चोर म्हणणं अवघड. तरी सुकन्याने म्हणून पाहिलं.

तो दिपक. टपाल कार्यालयात नोकरी, आईच्या मांजराला घेऊन सात रस्त्याजवळच्या या जनावरांच्या दवाखान्यात आलेला. डॉक्टर आत काय सांगत होते ते त्याने रांगेत बसून ऐकलं होतं. सुकन्याने ऐकलं नव्हतं, कारण ती फोनवर कंपनीतल्या साहेबाशी भांडत होती. तिचा समज साधा होता: लस टोचली की झालं. माळशिरसकडे तिच्या वडिलांच्या मेंढरांमागे पिल्लं जन्मल्यापासून मातीतच लोळायची. लस टोचलेलं पिल्लू म्हणजे त्यांच्याहून पुढारलेलंच की.

दिपकने समजावलं. पहिल्या लशीने काम भागत नाही. सगळे डोस व्हायचे, शेवटच्यानंतर आणखी दोनेक आठवडे जायचे, तोवर रस्त्याला पाय लावायचा नाही. पार्व्हो नावाचा रोग मातीत दबा धरून असतो, आणि आजारी कुत्र्यांच्या दवाखान्याची पायरी म्हणजे त्याचं माहेरच.

"मग काय, खोलीत कोंडून ठेवू? भित्रं होईल. मेंढरं राखणाऱ्या कुत्रीचं पोर आहे ते."

"कोंडू नका. उचलून फिरवा. सगळं बघू दे, ऐकू दे. फक्त पाय खाली नाही."

"रोज वाढतंय ते. मी एकटी किती उचलू?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते आपल्या तोंडून यायला नको, एवढी हुशारी सुकन्याकडे होती. तिने नुसतं दिपककडे पाहिलं. दिपकने मांजराकडे पाहिलं.

"संध्याकाळी... मी मोकळा असतो," तो पिशवीला म्हणाला.

चिंचोळी एमआयडीसीतून कंपनीची बस तिला सोडायची, तो टपालातून यायचा. सुकन्याच्या जुन्या ओढणीची झोळी गळ्यात अडकवून दिपक भुंग्याला – हे नाव तिचं – सोलापूर दाखवायला निघायचा. रिक्षांचे हॉर्न, कढईतली भजी, बँडवाल्यांची तालीम. पावसाचे थेंब आले की ती छत्री त्याच्यावर धरायची, "पिल्लासाठी" असं बजावून, आणि स्वतःचा खांदा भिजवायची. दुसऱ्या दिवशी छत्री जरा मधे यायची. कोणाच्या खांद्याला किती पाऊस लागला, याचा हिशोब दोघंही ठेवत होती. दाखवत मात्र नव्हती.

लोक भुंग्याकडे बघायचे, त्याला फिरवणाऱ्यांकडे नाही. या दोघांना तो आडोसा हवाच होता. तिच्या घरी देव्हाऱ्यात बिरोबा, त्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, सुगावा लागला होता. पोरगी चांगली असंल, पण तिच्या घरचे मारायला उठतील, तू सांभाळून राहा, एवढंच त्यांचं म्हणणं. सांभाळून राहण्यात दिपक पटाईत. ओळखीचं कोणी दिसलं की तो जरा मागे पडायचा. सुकन्या ते प्रत्येक मागे पडणं त्याच्या नावावर मांडून ठेवायची.

"घरी इतक्यात कशाला सांगायचं? थोडं थांबू," तो म्हणायचा.

"पिल्लाला तारीख आहे," ती एकदा म्हणाली. "आपल्याला कुठली आहे?"



शेवटचा डोस झाला, वरचे दोन आठवडेही सरत आले, आणि तिच्या वडिलांचा, धुळाआप्पांचा, फोन आला. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. आप्पा स्वतः शनिवारी संध्याकाळी तिला न्यायला येणार होते. पाहुणे कोण, कुठले, हे तिने विचारलंच नाही. सात रस्त्यावर या, म्हणाली.

दिपकलाही तिने सांगितलं. "येणार असलास तर मागे पडायचं नाही. पडायचं असेल तर येऊच नको. भुंग्याला मी उचलीन."

"जड झालाय तो."

"असू दे."

शनिवारी संध्याकाळी ती फुटपाथवर उभी असताना कुणीतरी तिच्या हातातलं पिल्लू उचलून घेतलं. पहिल्या दिवशीसारखंच, न विचारता. तिने झोळीची ओढणी दिपकच्या गळ्यात अडकवली.

धुळाआप्पा आले, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं. लेकीकडे पाहिलं, मग झोळीकडे. पिल्लू त्यांनीच दिलेलं.

"कुत्र्याचं पिल्लू हाय का देवाचं तान्हं?"

"आप्पा, हा दिपक. मी ह्याच्याशीच लग्न करणार आहे. रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा."

दिपकचा पाय मागे सरकला का, ते तिने पाहिलं. तो पुढे आला होता.

"आम्ही बौद्ध आहोत, मामा. तुम्ही विचारायच्या आधी सांगतो."

"लगीच मामा व्हय?" आप्पांचा आवाज चढला नाही, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "आन् मी न्हाय म्हणलं तर?"

"तरी करणार," सुकन्या म्हणाली. "तुम्ही लग्नाला असावं असं वाटतं. म्हणून तोंडावर सांगतेय."

हाकेला कुठलं जनावर वळतं आणि कुठलं नाही, हे ओळखण्यात आप्पांचा जन्म गेला होता. लेकीकडे त्यांनी तसंच, बराच वेळ पाहिलं.

"पिल्लाला का उचाललंय?"

"डोस पुरे व्हायचे होते," दिपक म्हणाला. "आजपासून खाली ठेवलं तर चालतं."

"मग ठिव की."

दिपकने भुंग्याला खाली ठेवलं. चारही पाय फाकवून तो तसाच उभा राहिला. शेजारी ट्रकचा हॉर्न वाजला. त्याने नुसता कान हलवला. मग आप्पांच्या पायाशी जाऊन, ओळखीचा मेंढरांचा वास घेऊन, त्याने त्यांच्या वहाणेचा अंगठा चावायला सुरुवात केली. आप्पांनी पाय मागे घेतला नाही.

"पाव्हण्यास्नी मी कळवायचो न्हाय," ते म्हणाले. "तुझं तू सांग. रविवारी ये आन् समद्यांफुडं सांग. ह्यालाबी आण. तितं काय हुईल ते हुईल, मी मदी पडणार न्हाय. तुमच्या अंगावर मातुर कुणाला हात टाकू द्यायचो न्हाय."

"येतो," दिपक म्हणाला. सुकन्याच्या आधी.

आप्पा आल्या पावली स्टँडकडे वळले. सुकन्याने झोळीची गाठ सोडली, ओढणीचं एक टोक भुंग्याच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं मनगटाला. मोकळा हात तिने दिपकच्या हातात दिला, ऐन सात रस्त्यावर, दिवे लागायच्या वेळी.

भुंग्या पुढे ओढत होता.

"लोक बघतायत," दिपक म्हणाला, आणि बोटं आणखी घट्ट केली.